वाय-फाय आहे, पण नेट नाही: नवीन आलेल्यांसाठी

परदेशातल्या नव्या घराची किल्ली मिळाली की बॅगा उघडायच्या आधी आपण नेट शोधतो. मीही तेच केलं. लाइन चालू झाल्याचा मेसेज आला, फोनवर वाय-फायची खूण दिसली, आईला व्हिडिओ कॉल लावला, तर तिचा चेहरा चौकोनी ठिपक्यांत गोठलेला. तीन संध्याकाळी मी कंपनीच्या हेल्पलाइनशी भांडलो. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस आला, दाराजवळचं पत्र्याचं कपाट उघडलं, आतला राउटर (वाय-फाय देणारा डबा) काढून कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि निघून गेला. टेकलासुद्धा नाही.

तेव्हापासून कुणीही नवीन आलं की मी आधी हेच सांगतो: वाय-फाय वेगळं, इंटरनेट वेगळं. रस्त्यावरून घरात येते ती लाइन म्हणजे इंटरनेट. डब्यापासून तुमच्या फोनपर्यंतचा हवेतला शेवटचा टप्पा म्हणजे वाय-फाय. फोनवरची खूण फक्त या शेवटच्या टप्प्याबद्दल बोलते. खूण भरलेली आहे आणि एकही पान उघडत नाही, तर लाइनकडे बघा. खूण अर्धी आहे आणि राउटरजवळ जाऊन बसल्यावर सगळं सुरळीत चालतंय, तर दोष हवेत आहे. खात्रीच करायची तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि वेग मोजा. केबलवर वेग बरोबर आला, तर कंपनीला फोन करून काही हाती लागणार नाही.

लाइन घेताना इमारतीत काय काय येतं ते घरमालकाला किंवा शेजाऱ्यांना विचारा: फायबर (काचेच्या तंतूची लाइन), टीव्हीची केबल की टेलिफोनची तांब्याची तार. फायबर असेल तर फार विचार करू नका. जाहिरातीतला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो, म्हणून आठाने भागा. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. अपलोडचा वेग वेगळा विचारा. तांब्याच्या तारेवर आणि टीव्ही केबलवर तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, आणि तुमचा चेहरा घरच्यांना नीट दिसणार की नाही ते अपलोडवर ठरतं. करार किती महिन्यांचा आणि मध्येच सोडला तर काय, हेही आधी वाचा. पहिलं घर सहसा शेवटचं नसतं. थोडं महाग पडलं तरी मी छोटाच करार घेईन.

‘घरून राउटर आणू का?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं उत्तर, नको. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर विजेचा प्रश्न येत नाही, पण त्यातला मोडेम (बाहेरच्या लाइनशी बोलणारा भाग) टेलिफोन लाइनचा आणि नव्या घरात फायबर असेल तर तो निव्वळ वजन. शिवाय चॅनेलची, म्हणजे वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्यातल्या क्रमांक दिलेल्या वाटांची, गंमत आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बहुतेक देशांत १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत मात्र १ ते ११. राउटर १३ वर बसला आणि फोन अमेरिकेतला असला, तर शेजारी ठेवूनही त्याला नेटवर्क दिसणार नाही असं होऊ शकतं. आणलाच असेल तर सेटिंगमध्ये देश बदला.

आता डब्याची जागा. घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, आरशाच्या आड नको, फिशटँकशेजारी तर नकोच, कारण धातू लहरी अडवतो आणि पाणी त्या पिऊन टाकतं. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतींतून पुढे जातो, पण तिथे गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, जो जवळपास त्याच लहरींवर चालतो. ओव्हन लावला की कॉल तुटतो, अशी तक्रार कुणी केली तर हसू नका. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर ठेवा, लांबच्या खोलीतला फोन २.४ वर. स्मार्ट बल्ब, प्लग अशा बऱ्याच वस्तूंना फक्त २.४ कळतो. बल्ब जोडला जात नसेल तर फोन थोडा वेळ २.४ वर न्या आणि मग प्रयत्न करा. दाट वस्तीच्या इमारतीत २.४ चा चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ वर लावा. हे तीन एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. मधला ३ किंवा ४ निवडणारा हुशार मनुष्य दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही भोगतो.

डबा उलटा करा. खाली चिकटवलेल्या कागदावर नेटवर्कचं नाव, त्याचा पासवर्ड, १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता आणि आणखी एक पासवर्ड असतो. पहिला पासवर्ड वाय-फायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा तसाच ठेवतात. दोन्ही बदला. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचं पान उघडतं. सुरक्षेत, म्हणजे वाय-फायच्या कुलपाच्या प्रकारात, डब्ल्यूपीए३ निवडा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप २००१ सालीच फोडलं गेलं, यादीत दिसलं तरी हात लावू नका. डब्ल्यूपीएस पिनही (पासवर्डऐवजी आकड्यांनी जोडायची सोय) बंद करा. आठ अंकी पिन म्हटल्यावर दहा कोटी शक्यता वाटतात, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत दार उघडतं. हे २०११ मध्येच उघड झालंय. नेटवर्कच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका, अख्ख्या जिन्याला ते दिसतं. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे वेगळ्या नावाचं आणि पासवर्डचं दुसरं नेटवर्क, चालू करा. घरी येणारा प्रत्येक जण पासवर्ड मागतो, आणि नाही म्हणणं आपल्याला जमत नाही.

लाइन येईपर्यंतचे दिवस फोनच्या हॉटस्पॉटवर आणि बाहेरच्या वाय-फायवर काढावे लागतात. वाचनालयात किंवा स्टेशनवर जोडलं की आधी एक लॉगिनचं पान यायला हवं, आणि नेमकं तेच येत नाही. कारण साधं आहे: ते पान तुमच्या वाटेत आडवं येऊन दाखवावं लागतं, आणि एचटीटीपीएसची (कुलूपबंद जोडणीची) साइट कुणालाही आडवं येऊ देत नाही. व्हीपीएन (सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे झाकून नेणारी सोय) आणि प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता झाकून शोधायची सोय) तात्पुरते बंद करा, आणि पत्त्यात एस नसलेली साधी एचटीटीपी साइट उघडून बघा. तरीही नाही आलं तर नेटवर्क ‘विसरा’ आणि पुन्हा जोडा. पानावर ईमेल मागतात. त्यासाठी एक वेगळा ईमेल ठेवा, नाहीतर मुख्य पत्ता जाहिरातींनी भरून जातो.

बाहेर प्रश्न एकच, हा डबा कुणाचा? तिथल्या नेटवर्कचं नेमकं नाव कर्मचाऱ्यांना विचारा, कारण त्याच नावाचं नेटवर्क कुणीही आपल्या बॅगेतल्या लॅपटॉपवरून उभं करू शकतो. एचटीटीपीएसमुळे तुम्ही काय लिहिता ते आता सहसा वाचता येत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात ते डब्याच्या मालकाला बहुधा कळतंच. साइटची ओळख पटत नाही असा प्रमाणपत्राचा इशारा आला तर ‘पुढे जा’ दाबू नका, तिथून उठा. विंडोज विचारेल तेव्हा ‘पब्लिक’ नेटवर्क निवडा. बँकेचं काम मी अजूनही मोबाइल डेटावरच करतो. काही जण याला जुनाट सवय म्हणतात, म्हणोत. काम झालं की ऑटो-जॉइन (त्या नेटवर्कला आपोआप जोडणं) बंद करा.

मायदेशातलं सिम फेकू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. तुमची सिमची कंपनी परदेशातून वाय-फाय कॉलिंग (त्याच नंबरचे कॉल वाय-फायवरून) देते का ते निघण्यापूर्वी विचारा आणि तिथेच चालू करून घ्या. विद्यार्थ्यांनी विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात एज्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वाय-फाय) लावून घ्यावं. तेच खातं शंभराहून अधिक देशांतल्या विद्यापीठांत आपोआप जोडलं जातं. युजरनेममध्ये ॲटच्या (@) पुढचं संस्थेचं नावही पूर्ण लिहायचं. निम्मे लोक तिथेच अडकतात.

घर सोडतानाचं एक राहिलं. माझ्या दुसऱ्या घरात मिळालेल्या राउटरवर आधीच्या भाडेकरूचंच नाव आणि पासवर्ड चालू होता, आणि मी आळसापोटी महिनाभर तसाच वापरला. म्हणजे महिनाभर त्याच्या ओळखीतल्या कुणालाही इमारतीखाली उभं राहून माझ्या घरच्या नेटवर्कमध्ये शिरता आलं असतं. घरात गेल्यावर आणि घर सोडताना, दोन्ही वेळा जुनी सेटिंग पुसायला राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, सगळे दिवे विझून पुन्हा लागेपर्यंत. डबा कंपनीचा असेल तर अ‍ॅडॉप्टरसकट परत करा, आणि पावती हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका.