पहिली ई-सायकल निवडताना: आधी रस्ता मोजावा, मग दुकान गाठावे

पहिली विजेवरची सायकल घेणारा माणूस बहुधा थेट दुकानात जातो, रंग आणि टायरची जाडी पाहतो, ‘एका चार्जमध्ये किती जाते’ एवढे विचारतो आणि तिथेच त्याचा निर्णय होऊन जातो. हा क्रम उलटा करावा. सायकल रोज कोणत्या रस्त्यावर चालवायची आहे, त्या रस्त्यावरचा सर्वांत मोठा चढ कोठे आहे, रात्री ती कोठे उभी राहणार आणि पंक्चर झाले तर ते कोण काढून देणार, या चार प्रश्नांची उत्तरे घरी बसून लिहून काढली, तर दुकानातल्या निम्म्याहून अधिक सायकली आपोआप बाद होतात. उदाहरणासाठी मी माझाच रस्ता घेतो: कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापासून चांदणी चौकाचा चढ चढून पाषाणपर्यंत, जाताना साधारण नऊ किलोमीटर आणि येताना तेवढेच.

कायद्याची बाजू आधी उरकून घेऊ, कारण ती थोडक्यात आटोपते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती, म्हणजे अर्धा तास सलग देता येणारी शक्ती, ०.२५ किलोवॅटपेक्षा (२५० वॅटपेक्षा) कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद होत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. त्यामुळे तिला नोंदणी, नंबर प्लेट, लायसन्स किंवा विमा यांची गरज पडत नाही. मात्र ती या अटींत बसते याची खात्री मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने केलेली असावी लागते. ज्या संस्थेमुळे वेताळ टेकडीच्या एका भागाला पुणेकर ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात, ती अशीच एक चाचणी संस्था आहे. दुकानदाराकडे या प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि ‘वेगाचे लॉक काढून देतो, पस्तीसने पळेल’ असे कोणी म्हणाल्यास नम्रपणे नकार द्यावा. लॉक काढले की ती कायद्याच्या नजरेत सायकल राहत नाही, आणि एखाद्याला धक्का लागला तर आपल्याजवळ विमाही नसतो आणि कागदही नसतो.

आता बॅटरी, कारण सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथेच जातो. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आकडे लिहिलेले असतात, आणि त्यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण २८० वॅट-तास ऊर्जा मावते. पेडल मारत चालवणाऱ्याने किलोमीटरला दहा वॅट-तास आणि नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता हँडलची मूठ फिरवून, जाणाऱ्याने पंधरा वॅट-तास धरावेत; म्हणजे हीच बॅटरी पहिल्याला सुमारे २८ किलोमीटर नेते आणि दुसऱ्याला १८ ते १९. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा सपाट रस्ता, हलका स्वार आणि मोटरची सर्वांत कमी मदत गृहीत धरून काढलेला असतो, त्यामुळे तो खोटा नसला तरी आपला नसतो. शिवाय बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी बसत जाते. म्हणून आपल्या हिशेबातून आणखी वीस टक्के वजा करावेत आणि जे उरेल त्यात रोजचे जाणे-येणे बसते का ते पाहावे. माझे अठरा किलोमीटर त्यात बसतात, पण पेडल मारले तरच.

बॅटरीच्या पेटीत काय असते हे एकदा समजून घेतले की पुढचे प्रश्न विचारणे सोपे जाते. आत अंगठ्याएवढ्या जाडीचे दंडगोलाकार सेल असतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून त्यांना ‘१८६५०’ म्हणतात. प्रत्येक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो. तीन-तीन सेल समांतर जोडून केलेले दहा गट एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्टची, तीस सेलांची बॅटरी तयार होते. यातला एक गट जरी कमजोर पडला, तरी आतले रक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, संपूर्ण बॅटरी बंद करते. ‘कालपर्यंत पंचवीस जात होती, आज दहालाच थांबली’ ही तक्रार पुष्कळदा याच प्रकारची असते. म्हणून सेल कोणत्या कंपनीचे आहेत, बॅटरीची वॉरंटी सायकलीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आहे का आणि किती टक्के क्षमता उरली म्हणजे ती ‘खराब’ धरली जाते, हे तीन प्रश्न दुकानात अवश्य विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले तर दुकान चांगले समजावे. शिसे-आम्लाच्या, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीची स्वस्त सायकल कोणी पुढे केली तर ती पाहण्यातही वेळ घालवू नये, कारण तेवढे वजन सायकलीवर शोभत नाही.

चढाचा हिशेबही कागदावर मांडता येतो. स्वार ७५ किलोचा आणि सायकल २५ किलोची धरली, तर सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाला चाकावर शंभर वॅटच्या आसपास शक्ती पुरते. पण शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर नेणारा चढ लागला की ताशी पंधराच्या वेगालाही सुमारे अडीचशे वॅट लागतात आणि त्यांतले दोनशे केवळ वजन वर उचलण्यातच खर्च होतात. २५० वॅटच्या आतल्या मोटरचा कस इथेच लागतो आणि इथेच पायांची साथ आवश्यक ठरते. मोटर एकटीने चढ ओढू लागली की तिचा वेग पडतो, वेग पडला की विजेचा अधिकाधिक भाग उष्णतेत जातो आणि हब, म्हणजे चाकाचा मोटर असलेला मधला भाग, हाताला चटका बसेल इतका तापतो. तेव्हा चढाचा रस्ता असणाऱ्याने बिनगिअरची सायकल घेऊ नये. मागच्या बाजूला सात गिअर असलेली, निदान दाते स्वारीच्या सोयीने बदलता येणारी सायकल घ्यावी. पेठांतल्या किंवा नाशिक-सोलापूरसारख्या बऱ्याच अंशी सपाट शहरातल्या माणसाला मात्र एक गिअर पुरतो आणि देखभालीची कटकटही वाचते.

मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असावी, आणि त्यातही आत दातेरी चक्रे असलेली असावी, कारण तिच्यात एकेरी क्लच असल्याने मोटर बंद असताना चाक मोकळे फिरते. पेडलजवळ बसवलेली मिड-ड्राइव्ह मोटर चढाला नक्कीच सरस असते. परंतु ती महाग पडते, साखळी लवकर झिजवते आणि गावातला मिस्त्री तिला हात लावायला तयार होत नाही. पहिल्या सायकलीसाठी मी तिची शिफारस करणार नाही.

मोटरला ‘आता चालू हो’ असा निरोप देणारा सेन्सर दोन प्रकारचा असतो. एक फक्त पेडल फिरते आहे का एवढेच पाहतो. त्यामुळे अर्धा फेरा झाल्यावर मोटर अचानक जोर लावते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ओढत राहते. दुसरा पायाचा दाब मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो, म्हणून अशी सायकल चालवताना आपल्याच पायांत बळ आल्यासारखे वाटते. पण तो किमतीत भर घालतो. पहिल्या प्रकारची सायकल घ्यायला हरकत नाही, मात्र तिच्या मोटरच्या मदतीची सर्वांत खालची पायरी किती सौम्य आहे ते पाहून घ्यावे. मंडईसारख्या गर्दीत, पुढे भाजीची पिशवी घेतलेल्या आजी चालत असताना, सायकलीने अचानक उडी घेतलेली परवडत नाही.

चाचणी-फेरी दुकानासमोरच्या शंभर मीटरांत उरकू नये. सर्वप्रथम मोटर बंद ठेवून अर्धा किलोमीटर चालवावी. या परीक्षेला मी सर्वांत जास्त गुण देतो, कारण बॅटरी कधीतरी रस्त्यात संपणारच असते आणि त्या दिवशी ही पंचवीस किलोची वस्तू आपल्यालाच घरी आणायची असते. जी सायकल मोटरविना चालवणे शिक्षा वाटते, ती मोटर असूनही घेऊ नये. नंतर जवळचा चढ गाठून मदतीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तो चढून पाहावा. परत आल्यावर सायकल मधल्या स्टँडवर घ्यावी किंवा कोणाला तरी मागचे चाक उचलून धरायला सांगावे, थ्रॉटल फिरवावा आणि ब्रेकची मूठ अगदी हलकेच, ब्रेक लागण्याआधी, दाबून पाहावी. मोटर त्याच क्षणी बंद झाली पाहिजे. ही परीक्षा डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही मुठींवर घ्यावी; एका बाजूची तार सैल असल्याचे मी स्वतः एका नव्या सायकलीवर पाहिले आहे. ब्रेक दोन्ही चाकांना डिस्कचे असावेत.

मी माझी पहिली ई-सायकल घेताना एक चूक केली. तिची बॅटरी दांड्याच्या आत कायमची बसवलेली होती, त्यामुळे सायकल दिसायला देखणी होती आणि बॅटरी चोरीची भीतीही नव्हती. परंतु माझे घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि पार्किंगमध्ये प्लग नाही. पहिले दोन आठवडे मी तेवीस किलो खांद्यावर घेऊन तीन जिने चढलो, मग खिडकीतून वायर सोडली आणि मग सोसायटीच्या सभेत माझ्या वायरीवर स्वतंत्र विषय निघाला. किल्लीने निघणारी बॅटरी साधारण दोन-अडीच किलोची असते आणि ती पिशवीत घालून वर नेता येते. तळमजल्यावर राहणाऱ्याने किंवा ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरचा प्लग आहे त्याने या मुद्द्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. बाकीच्यांनी करू नये. चार्जिंग दिवसा, कोणी जागे असताना, फरशीवर आणि बाहेर जाण्याच्या दारापासून दूर करावे. उन्हातून आणलेली बॅटरी निवल्याशिवाय चार्जरला लावू नये.

पावसाबद्दल दुकानातले तोंडी आश्वासन कामाला येत नाही. ‘बिनधास्त चालवा’ असे मला सांगण्यात आले होते आणि पहिल्याच जुलैत हँडलवरचा डिस्प्ले आतून धुरकट होऊन बंद पडला, तेव्हा त्याच काउंटरवरून ‘पाणी शिरले की वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर मिळाले. मोटर, बॅटरी, कंट्रोलर (म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी) आणि डिस्प्ले या प्रत्येकाचे ‘आयपी’ मानांकन, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा, वेगवेगळे असू शकते, म्हणून ते माहितीपत्रकात वेगवेगळे पाहावे. या मानांकनातला दुसरा आकडा पाण्याबद्दल असतो. चार म्हणजे उडणारे थेंब, पाच म्हणजे पाण्याची धार आणि सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी यापेक्षाही जोडण्यांच्या पिनांकडे आणि उघड्या नटांकडे अधिक लक्ष द्यावे. आणि गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाखाली ही सायकल कधीही धरू नये.

पंक्चरचा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो, पण सायकल धूळ खात पडण्याचे ते एक मोठे कारण आहे. मागच्या चाकात मोटर आहे म्हटल्यावर नाक्यावरचा पंक्चरवाला हात वर करतो आणि त्याचेही खरे असते, कारण चाक काढायचे म्हणजे मोटरची जोडणी सोडवायची, आसाचे मोठे नट ढिले करायचे आणि आसाला फिरू न देणाऱ्या वॉशरी नेमक्या पहिल्यासारख्या बसवायच्या. बहुतेक वेळा हे सारे लागतच नाही. सायकल आडवी करून टायरची एक कड सोडवावी, वॉल्व्ह जागेवर ठेवून ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढावा, थोडी हवा भरून तो घमेल्यातल्या पाण्यात हातभर सरकवत न्यावा आणि बुडबुडे दिसले तिथे पुसून, घासून, सोल्युशन लावून पॅच डकवावा. चाक जागचे हलत नाही. दुकानात जाण्याआधी आपल्या नाक्यावरच्या माणसाला ‘असे करून द्याल का’ असे विचारून ठेवावे, आणि दुकानात मोटरच्या वायरीला चाकाजवळ सुटणारी जोडणी आहे ना, एवढे पाहावे. ती नसेल तर ट्यूब बदलण्याच्या दिवशी वायर थेट कंट्रोलरपर्यंत सोडवावी लागते.

मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटी किमतीत धरली आहेत का, तेही विचारावे. रुबाबदार दिसणाऱ्या अनेक सायकलींना मडगार्ड नसतात आणि मग पाठीवर चिखलाची रेघ उमटते. साडी नेसणाऱ्यांनी आणि साठीपुढच्यांनी खाली वाकलेल्या दांडीची सायकल घ्यावी, कारण एवढ्या वजनाच्या सायकलीवरून पाय टाकून उतरताना तोल गेला तर ती आवरत नाही.

खर्चाच्या हिशेबात वीज जवळजवळ नगण्य असते. आपली बॅटरी भरायला एक-तृतीयांश युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे दहा रुपये युनिट धरले तरी साडेतीन रुपयांत काम होते. खरे इंधन म्हणजे खुद्द बॅटरीच. नवी बॅटरी बारा हजारांना पडेल आणि ती पाचशे पूर्ण चार्ज टिकेल असे धरले, तर एका चार्जला सरासरी चोवीस किलोमीटरच्या हिशेबाने ती बारा हजार किलोमीटर चालते आणि किलोमीटरमागे एक रुपया होतो. लिटरला पंचेचाळीस देणाऱ्या स्कूटरच्या निम्म्याहून हा खर्च कमीच आहे. पण तो एकदम, तीन-चार वर्षांनी, एका दिवशी अंगावर येतो. म्हणून हीच बॅटरी तेव्हा मिळेल का हा प्रश्न सवलतीपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तो विचारताना आपल्या शहरात सुटे भाग ठेवणारे सेवा केंद्र असलेल्या कंपनीला झुकते माप द्यावे.

सायकल ताब्यात घेताना बिलावर चॅसिसचा, मोटरचा आणि बॅटरीचा असे तिन्ही क्रमांक लिहून घ्यावेत, चार्जर त्याच बॅटरीच्या व्होल्टेजचा आहे याची खात्री करावी आणि बॅटरीच्या दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. किल्लीवर कोरलेला बारीक नंबर त्याच दिवशी वहीत उतरवावा आणि दुसरी किल्ली घरी कपाटात ठेवावी. पहिल्या किल्लीच्या जुडग्यात तिला अडकवू नये.