माळरान आणि मेंढपाळ: दोघांनाही बदलू देणारे सिम्युलेशन कसे रचावे

चराऊ जमिनीच्या संगणकीय मॉडेलमध्ये गवत दरवर्षी बदलते, पण मेंढपाळ मात्र पहिल्या दिवशी ठरलेल्या नियमानेच वागत राहतो, असे पुष्कळदा आढळते. अशा मॉडेलवरून चराईचे धोरण ठरवणे मला मेंढपाळांवर अन्यायाचे वाटते. नेटलोगो या अशी मॉडेल रचण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोघांनाही बदलते ठेवणे अवघड नाही.

आधी पाऊस ठरवावा. मुंबईकरांच्या परिचयाच्या सांताक्रूझ वेधशाळेची आकडेवारी येथे उपयोगाची नाही, कारण तेथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीपलीकडच्या पर्जन्यछायेत तो बऱ्याच ठिकाणी ५०० ते ६०० मिलिमीटरच असतो. माळरानाजवळच्या केंद्राची मासिक नोंद घ्यावी.

गवताचे दोन गट करावेत: एकीकडे पवन्या, मारवेल यांसारखी जनावरांना आवडणारी गवते आणि दुसरीकडे कुसळी. पहिल्या गटाची वाढ पावसाबरोबरच मुळांतील साठ्यावरही अवलंबून ठेवावी. सततच्या चराईने तो साठा आटला की मोकळी जागा कुसळी व्यापते आणि पुन्हा पवन्या येण्यास अनेक वर्षे लागतात. तीस किलोची मेंढी रोज साधारण एक किलो सुका चारा खाते, असे धरावे.

आता खरा गाभा. प्रत्येक मेंढपाळाला कळपाचा आकार आणि चाऱ्याविषयीची अपेक्षा द्यावी; या अपेक्षेवरूनच तो मेंढ्या ठेवायच्या की विकायच्या हे ठरवतो. वर्षाअखेरीस नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + क × (यंदाचा चारा − जुनी अपेक्षा), जेथे क हा ० ते १ मधील अंक आहे. क फार लहान असेल तर दुष्काळ लागूनही मेंढ्या विकायला उशीर होतो. फार मोठा असेल तर एका वाईट वर्षात कळप विकला जातो आणि पुढच्या चांगल्या पावसात गवत असूनही मेंढ्या उरत नाहीत. प्रत्येकाचा क वेगळा ठेवावा आणि कळप टिकवलेल्या शेजाऱ्याचा क उचलण्याची मुभा इतरांना द्यावी. कोकणातील भातखाचरांत खतासाठी मेंढ्या बसवून शेतकऱ्याकडून मिळणारे धान्यही उत्पन्नात धरावे, नाहीतर मेंढपाळांचे कोकणातले हंगामी स्थलांतर तोट्याचे दिसेल.

तुलनेसाठी त्याच पावसावर क = ० ठेवून, म्हणजे मेंढपाळाची अपेक्षा कधीच न बदलता, मॉडेल पुन्हा चालवावे. मग तीच वर्षे क्रम बदलून, दुष्काळी वर्षे सलग आणून पाहावे.

निर्णयाचे नियम मात्र अंदाजाने लिहू नयेत. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे गट, कोकणात उतरतात, तेव्हा मुंबईहून तेथे जाऊन मागच्या दुष्काळात आधी कोणती मेंढी विकली आणि कोणती अखेरपर्यंत राखली, हे विचारावे आणि तोच क्रम मॉडेलमध्ये उतरवावा.