पोदेर आला की आई येते: बाळाला पाळणाघरात रुळवताना

"माई, आज रडलं का हो?"

संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी प्रत्येक आई हेच विचारते. एकोणीस वर्षं ऐकतेय. गोव्यात म्हार्दोळला आमच्या घराची पडवी आणि आतल्या दोन खोल्या, एवढंच माझं पाळणाघर. एका वेळी सहा मुलं, सातवं घेत नाही. बहुतेक आया कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, एकदोघी फोंड्याला, एक रोज पणजीला. रडलं का, पेज किती खाल्ली, झोपलं किती, हे सगळं मी वहीत लिहून ठेवते. आई ती वही वाचत उभी राहते, आणि जे बघायला हवं ते तिच्या पायांशी घडून जातं. तिला बघितल्यावर बाळाने काय केलं?

नवीन बाळ यायचं ठरलं की मी आईला बसवून तासभर बोलते. तेच इथे लिहितेय.

कधी आणावं

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले थोडे आठवडे बाळंतपणाआधीच जातात, म्हणजे बाळ पाच-सहा महिन्यांचं असताना आई कामावर हजर. हे वय रुळायला सोपं. कुणीही घेतलं तरी जातं, हसतं. पण काही घरांत म्हणतात, रजा अजून वाढवून घेऊ, नऊ महिन्यांचं झालं की थोडं मोठं असेल, सोपं जाईल. तिथेच फसतं.

सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला आपलं कोण, परकं कोण हे पक्कं कळायला लागतं. काल जिच्या मांडीवर खेळलं त्या शेजारच्या काकीला बघून आज ओठ काढतं. दाराआड गेलेली आई कुठेतरी आहे एवढं त्याला समजतं, पण ती कधी येणार हे समजत नाही. दीड वर्षापर्यंत हे कमी-जास्त चालतं. या काळात आणायचंच नाही असं मी म्हणत नाही. आणायचं तर दुप्पट दिवस हाताशी ठेवून आणा. "सोमवारी रुजू व्हायचंय, शुक्रवारी आणते" असं कुणी म्हणालं की मी सरळ नाही म्हणते.

जागा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची कार्टूनं बघत बसू नका. एका बाईकडे किती तान्ही मुलं, सांभाळणारी बाई दर दोन महिन्यांनी बदलते का, आणि न सांगता मध्येच आलेलं चालेल का, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला जिथे तोंड वाकडं होईल तिथून उठा.

पहिले दहा दिवस

पहिले तीन दिवस आई सोबत बसते, रोज तासभर. बर्लिनच्या पाळणाघरांतून निघालेल्या एका पद्धतीत पहिले तीन दिवस आईने हलायचंच नाही असा नियम आहे, तो मी उचलला. मी बाळाला घ्यायला जात नाही. समोर बसून धुतलेल्या लंगोटांच्या घड्या घालते. बाळ आईच्या मांडीवरून बघत राहतं. मग खाली उतरतं, दोन हात पुढे रांगतं, एक लंगोट ओढतं आणि मागे वळून आईकडे बघतं. आईने मान हलवली, हसली, की अजून दोन हात पुढे. परत मागे बघतं.

ते वळून बघणं मी मोजते. मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईने १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत, दर पंधरवड्याला घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचं नेमकं हेच टिपून ठेवलं. आई हे बाळाचं ठाणं. तिथून निघायचं, जग बघायचं, भ्यालं की परत यायचं. ठाणं पक्कं असलं की बाळ लांब जातं. आमच्याकडे लोकांना उलटं वाटतं, की आईला चिकटलेलं बाळ म्हणजे लळा जास्त. आणि बाळ वळून बघतं तेव्हा आई मोबाइलमध्ये असली की बाळ परत रांगत येऊन तो मोबाइलच ओढतं. मग "मोबाइलचं वेड आत्तापासूनच" म्हणून हसतात.

चौथ्या दिवशी आई सांगून जाते, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, आणि दहा मिनिटांत येते. गेल्यावर बाळ रडणारच. मी घेतल्यावर थोड्या वेळात शांत झालं तर पाचव्या दिवशी अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. शांत झालंच नाही तर घाई नाही, अजून दोन-तीन दिवस आईने बसायचं. बाळासोबत आईचा वापरलेला ओढणी-गाऊन काहीतरी द्या, न धुतलेला. धुऊन इस्त्री करून आणलेला मी परत पाठवते.

जाताना

मागच्या दाराने जाऊ नका. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

मी सत्तरी तालुक्यात अंगणवाडी सेविका होते तेव्हा माझा मुलगा अकरा महिन्यांचा होता. सकाळी सासूबाई त्याला पुढच्या अंगणात कोंबड्या दाखवायच्या आणि मी मागच्या पोरसातून, केळींच्या आडून, बसला पळायची. रडायला नको म्हणून. पंधरा दिवसांत तो मला विहिरीवर जाऊ देईना. रात्री झोपेत माझा पदर मुठीत. मी कूस बदलली की डोळे उघडे. सासूबाई म्हणाल्या लाडावलाय, मीही म्हटलं लाडावलाय. पुढच्या वर्षी एका प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमचं माणूस न सांगता कधीही नाहीसं होत असेल तर तुम्ही त्याच्यावरची नजर काढाल का?" मागच्या बाकावर मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दाराने गेले. आठ दिवस त्याने अख्खा वाडा डोक्यावर घेतला. नवव्या दिवशी सासूबाईंच्या कडेवर बसून गेटपर्यंत आला आणि हात हलवला, तोंड वाकडंच ठेवून.

जायचं तेव्हा रोज तेच शब्द, तोच एक पापा, आणि निघायचं. उंबऱ्यावर पाच-पाच मिनिटं "जाऊ ना? जाऊ ना रे?" करत राहिलात तर बाळाला वाटतं, आईलाच भीती वाटतेय म्हणजे जागा वाईट असणार. वेळही बाळाला कळेल अशी सांगा. साडेपाच म्हणजे काय हे त्याला काय ठाऊक? माझ्या आया सांगतात, "पोदेर आला की आई येते." पोदेर म्हणजे आमचा पाववाला, पाचच्या सुमारास सायकलवर उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन येतो, लांबून पों-पों वाजवत. तो आवाज ऐकला की माझ्याकडची चालती मुलं दाराशी जाऊन बसतात. आईला उशीर होणार असेल तर पोदेर यायच्या आत मला फोन करायचा, म्हणजे मी बाळाला आधी सांगते. कळत नाही त्याला असं म्हणू नका, सूर कळतो. मे महिन्यात एकदा पोदेर आठ दिवस गावी गेला होता, तेव्हा मला स्वतःला तोंडाने पों-पों करावं लागलं. शेजारी अजून चिडवतात.

संध्याकाळ

एन्सवर्थबाईंनी पुढे अमेरिकेत, बाल्टिमोरला, एक प्रयोग बसवला. वर्षभराचं बाळ, एक खोली, खेळणी, एक अनोळखी बाई. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. सगळा मिळून वीस मिनिटांचा खेळ. आई गेल्यावर बाळ किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं, यात त्यांना खरं उत्तर सापडलं. माझ्या पडवीत तोच प्रयोग रोज संध्याकाळी सहा वेळा होतो, फुकट.

दहांतली साधारण सहा बाळं आईकडे झेपावतात, गळ्यात पडून थोडं रडतात, खांद्यावर तोंड घासतात आणि पाच मिनिटांत खाली उतरून खेळायला जातात. हा पक्का लळा. मला बघून हे आता का रडलं, दिवसभर तर नव्हतं रडत, म्हणून आई हिरमुसते. अगं, दिवसभराचं तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं त्याने.

काही बाळं आईला घट्ट धरतात आणि त्याच हाताने मारतात. घेतलं तर पाय झाडतात, ठेवलं तर किंचाळतात, अर्धा तास शांतच होत नाहीत. अशा घरात बहुधा आई कधी पापे घेऊन गुदमरवते आणि कधी तासभर लक्षच देत नाही. आज कोणती आई येणार हे बाळाला ओळखता येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: घरी गेल्यावर रोज एक गोष्ट ठरलेली, न चुकता. तुळशीला दिवा लावताना कडेवर, एवढी साधीसुद्धा चालेल.

मला जास्त काळजी तिसऱ्या प्रकाराची, कारण त्याचं सगळे कौतुक करतात. माझ्याकडे एक मुलगा होता, तेरा महिन्यांचा. सकाळी आई गेली तर बघायचा नाही. पडला तरी आवाज नाही. संध्याकाळी आई दारात यायची, तर हा प्लास्टिकच्या गाडीचं चाक फिरवत बसायचा, मान तिसरीकडे. आई म्हणायची, "किती शहाणा माझा, कुणाला त्रास नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. छाती धडधडत होती, पळून आल्यासारखी. जर्मनीत १९९३ साली संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर वरून थंड दिसणाऱ्यांचेही ठोके वाढलेले निघाले.

घरी विचारलं, तर तो रडला की "पुरुष ना तू, रडतोस काय?" हे आजोबांपासून सगळे म्हणत. दुष्ट कुणीच नव्हतं. बाळ मात्र शिकलं, की रडून जवळ कुणी घेत नाही, उलट लांब करतात. मी आईला सांगितलं, वही नंतर वाच, पर्स खाली ठेव, त्याच्या शेजारी पायरीवर दहा मिनिटं बस. ओढून घेऊ नकोस, "आईला पापा दे" म्हणू नकोस. तो चाक फिरवतोय तर तूही चाक बघ. पडला तर लगेच जवळ जा आणि "लागलं रे तुला" म्हण. तीन आठवडे काही नाही. मग एके दिवशी त्याने ती गाडी आणून तिच्या मांडीवर ठेवली. पुढच्या आठवड्यात सकाळी ती निघाली तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने रडला. ती घाबरून परत फिरली. मी तिला म्हटलं, जा तू, चांगलं झालंय.

एक चौथा प्रकारही असतो. बाळ आईला बघून जागच्या जागी गोठतं, किंवा जवळ जाताना पाठमोरं जातं, जणू तिच्याकडेच जायचंय आणि तिचीच भीती वाटतेय. हे वारंवार दिसलं तर घरगुती सल्ल्यात वेळ घालवू नका, बालरोगतज्ज्ञांना गाठा. घरात मारहाण किंवा दारू असेल तर तेही सांगा.

मात्र एका संध्याकाळवरून शिक्का मारू नका. दात येत असतील, ताप असेल, दुपारची झोप मोडली असेल. आणि एकच बाळ आईशी एक नि बाबांशी दुसरं वागतं, कारण लळा त्या त्या माणसाशी जडतो. जपानमधली बाळं त्या प्रयोगात फार रडली, कारण त्यांना आईविना राहायची सवयच नव्हती. आमच्या वाड्यांतल्या एकत्र घरांतही तसंच होतं, आजीच्या कडेवर वाढलेलं बाळ परक्या बाईजवळ आकांत करतं, म्हणून त्याच्यात खोट नसते.

आजीचं आणि आईचं भांडण

"सारखं उचलू नको, हाताची सवय लागेल." हे प्रत्येक घरात. एन्सवर्थबाईंना बाल्टिमोरच्याच घरांत दिसलं होतं, की पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच ओ मिळाली ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. त्यावर नंतर वादही झाले. माझा अनुभव पहिल्या बाजूचा आहे, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर मी उचलतेच, आजी काही म्हणोत. याचा अर्थ क्षणाक्षणाला धावायचं असा नाही. चांगल्या आयांचंही बाळाशी सूत दहांतून तीनदाच जुळलेलं असतं, बाकी वेळ चुकतं आणि पुन्हा जुळवून घेतात.

आणि बाळ माझ्या कडेवरून उतरायला तयार नसलं की आईच्या डोळ्यांत जे येतं तेही मी बघते. १९६४ साली ग्लासगोच्या ६० बाळांवरचा अभ्यास छापून आला. त्यात दीड वर्षाच्या बहुतेक बाळांना एकाहून जास्त माणसांचा लळा होता. माझा लागला म्हणून तुझा कमी होत नाही, असं मी सांगते. तिला पटत नाही. पटेल.

सुट्ट्यांचं तेवढं ध्यानात ठेवा. चवथीला, म्हणजे गणपतीत, आठ दिवस आजोळी, मामामावश्यांच्या गराड्यात राहिलेलं बाळ परत येतं तेव्हा सगळं पहिल्यापासून. शक्य असेल तर पहिला दिवस अर्धाच ठेवा. चवथीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझ्याकडे सहाच्या सहा रडतात, आणि त्या दिवशी वहीत मी पेजेबद्दल काही लिहीत नाही.