दोरीच्या पलीकडे जाऊ नका: गुलमर्गला स्कीइंगसाठी निघालेल्या नागपूरकरांसाठी

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. आपल्या ओळखीचा बर्फ तो उसाच्या रसातला. त्यामुळे गुलमर्गला पुढचा उतार बंद असल्याची आडवी दोरी दिसली, की पलीकडचा कोणी न तुडवलेला बर्फ अलीकडच्यापेक्षा चांगलाच वाटतो. धोका वरून दिसत नाही, तो थरांत असतो.

वाऱ्याने उडालेला बर्फ डोंगराच्या आडोशाला साचतो आणि त्याची घट्ट लादी बनते. तिच्या खाली साखरेसारखा भुसभुशीत थर असला, तर एका माणसाच्या वजनानेही तो खचतो आणि वरची लादी तडकून सुटते. हे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे जिथे स्कीला खरी मजा येते तिथेच. पलीकडे कोणाचे माग दिसले म्हणून उतार पक्का समजू नका. चौघं लादीच्या जाड भागावरून सुखरूप उतरतात, पाचव्याचा भार पातळ जागी पडतो आणि सगळं खाली येतं. खाली चालू उतार असेल, तर तिथल्या अनोळखी माणसांवर.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत चढतो. वर गस्तीपथक ठरलेलाच भाग सांभाळतं: बर्फ तपासायचा, गरज पडली तर स्फोटकांनी मुद्दाम पाडायचा, मग उतार खुला करायचा. बाकीचा अफरवट कोणी तपासत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक.

बंदची इतरही कारणं असतात. हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फाखाली दगड आणि ओढे असतात. परदेशी रिसॉर्टवर संध्याकाळी उभ्या उतारावर बर्फ सपाट करणारं यंत्र पोलादी तारेच्या आधाराने चढतं. बोटाएवढी जाड ती तार शेकडो मीटर लांब असते, ढिली असताना बर्फात बुजते आणि ताण येताच झटक्यात वर उसळते. अंधूक उजेडात ती दिसतच नाही. शिवाय दिवसअखेर गस्त शेवटची फेरी मारून जाते; त्यानंतर बंद उतारावर पाय मोडला, तर शोधायला सकाळपर्यंत कोणी येईलच असं नाही.

रोज सकाळी तिकीट काढण्याआधी फलक वाचा आणि गस्तीवाल्यांना विचारा, ‘आज काय बंद आहे?’ काल खुला होता हे उत्तर चालत नाही; रात्रीच्या वाऱ्याने सगळं बदलतं. गस्तीचा फोन नंबर खोलीतच मोबाइलमध्ये घाला, वर हातमोजे काढून शोधणं जमत नाही. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

चुकून दोरीपलीकडे गेलात तर थांबा. आडवं कापत पुढे जाऊ नका. दोन-चार वळणंच झाली असतील, तर स्की काढून आपल्याच मागावरून परत चढा. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला किंवा स्कीपासून भेग पळाली, तर लादी सुटायच्या बेतात आहे. कडेला सरका आणि गस्तीला फोन करा.

सोबतचा कोणी दोरीखालून वाकून गेलाच, तर त्याच्या मागोमाग जाऊ नका. गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते, आणि ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा रेडिओ संकेत पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं जवळ नसेल तर तुम्ही त्याला शोधूच शकत नाही. तो शेवटचा कुठे दिसला ती जागा झाड किंवा खडकावरून पक्की धरा, घड्याळ बघा, आणि गस्तीला जॅकेटच्या रंगासकट सांगा.