मराठी मजकुरासाठी लिब्रेऑफिस रायटर : एकदा नीट बसवून घेण्याची रीत

लिब्रेऑफिस हा मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअर-संच आज पुष्कळांच्या संगणकावर असतो, पण त्यातील रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅमचा वापर बहुतेक ठिकाणी टंकलेखनयंत्रासारखाच होतो. शीर्षक आले की ते निवडून ठळक करायचे, परिच्छेदांमध्ये अंतर हवे म्हणून एंटर दोनदा दाबायचा आणि अनुक्रमणिका शेवटी हाताने लिहून काढायची. दोन पानांच्या अर्जापुरते हे चालून जाते. ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल, शाळेची स्मरणिका किंवा दीडशे पानांचे हस्तलिखित हाती आले की मात्र याच सवयी अंगाशी येतात आणि 'फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढेच व्हायचे' असा ठपका सॉफ्टवेअरवर बसतो. अनेक वर्षे मराठीतील सगळे काम यातच केल्यानंतर हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. मजकूर मराठी आहे आणि त्यातला कोणता परिच्छेद काय आहे, या दोन गोष्टी आपण रायटरला सांगितलेल्याच नसतात. त्या सांगण्यासाठी एक निवांत सकाळ काढली, तर पुढची प्रत्येक फाइल हलकी होते.

पहिली गोष्ट भाषेची. रायटर प्रत्येक मजकुराची लिपी तीन गटांपैकी एका गटात धरतो : पाश्चात्त्य, आशियाई म्हणजे चिनी-जपानी-कोरियन, आणि 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल). देवनागरी या तिसऱ्या गटात येते. प्रत्येक गटाला स्वतःचा फॉन्ट, स्वतःचा आकार आणि स्वतःची भाषा असते. शैलीच्या, म्हणजे नाव दिलेल्या सजावट-संचाच्या, खिडकीत फॉन्टचा आकार १२ वरून १४ केला तरी मराठी अक्षर जसेच्या तसे राहते, ही नेहमीची तक्रार येथूनच उगवते, कारण बदल पाश्चात्त्य रकान्यात झालेला असतो आणि मराठीचा रकाना त्याच खिडकीत खाली किंवा शेजारी, न बदललेला असतो.

म्हणून आधी 'टूल्स' मेनूतील 'ऑप्शन्स' उघडावे आणि भाषेच्या विभागात जावे. नव्या आवृत्त्यांत त्याचे नाव 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' आहे, जुन्यांत 'लँग्वेज सेटिंग्ज'. तेथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोरची खूण चालू करून भाषा मराठी निवडावी. पुष्कळ ठिकाणी तेथे मुळात हिंदी असते, आणि आपण वर्षानुवर्षे मराठी लिहीत असताना रायटर ती हिंदी समजत राहतो. त्याच खिडकीत 'फक्त चालू दस्तऐवजासाठी' अशा अर्थाची एक चौकट असते. ती रिकामी ठेवावी, म्हणजे निवड कायमची होते. यानंतर 'लिब्रेऑफिस रायटर' या विभागातील 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' येथे जाऊन मजकूर, शीर्षके, याद्या यांसाठी देवनागरी फॉन्ट आणि आकार ठरवून द्यावेत.

भाषा मराठी ठेवण्याचा फायदा शुद्धलेखन तपासणीपुरता नाही. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांपेक्षा वेगळी आहेत, आणि युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या समान संकेतप्रणालीवरील काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे अंतर्भूत असतात. कोणते दाखवायचे हे मजकुराच्या भाषेवरून ठरते. २०१७ साली आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सर्व प्रणालींवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे मुक्त इंजिन वापरते आणि भाषेची ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचते. फॉन्टमध्ये सोय असेल, तर भाषा हिंदीची मराठी करताच पानावरचा 'ल' बदललेला दिसतो. मराठी पुस्तकात मराठी वळणाचा 'ल' असावा, हा आग्रह मला क्षुल्लक वाटत नाही.

फॉन्ट निवडताना मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्यावेत, कारण ते फाइलसोबत दुसऱ्याला देता येतात. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचना संस्थेचा मुक्ता हा पडद्यावर आणि कागदावर दोन्हीकडे स्वच्छ दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेने प्रसिद्ध केलेल्या यशोमुद्रेवर आधारित आणि आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका हा फॉन्ट संस्कृत अवतरणे, जोडाक्षरे यांनी भरलेल्या मजकुरासाठी मी प्रथम वापरून पाहतो. नोटो सान्स देवनागरी लिनक्सवर बहुधा आधीच असतो. एका दस्तऐवजात दोनपेक्षा अधिक फॉन्ट नसावेत. आणि तिरप्या अक्षरांचा मोह टाळावा : बहुतेक देवनागरी फॉन्टना खरे तिरपे रूप नसते, त्यामुळे सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून वाकडे करते आणि ते वाचायला त्रास होतो. भर द्यायचा असेल तेथे 'एम्फसिस' ही अक्षरशैली उघडून तिच्या देवनागरी रकान्यात तिरप्याऐवजी ठळक हा पर्याय ठेवावा.

आता शैली. मराठीसाठी रायटर वापरणाऱ्याने यातील एकच गोष्ट शिकायची ठरवली, तर ती हीच असावी.

एफ ११ ही कळ दाबली की उजवीकडे परिच्छेदशैलींची यादी उघडते. नेहमीच्या मजकुरासाठी 'बॉडी टेक्स्ट' आणि शीर्षकांसाठी 'हेडिंग १', 'हेडिंग २', 'हेडिंग ३' एवढ्या शैली बहुतेक कामांना पुरतात. कंट्रोल आणि १ दाबले की परिच्छेद मुख्य शीर्षक होतो, कंट्रोल आणि २ ने उपशीर्षक, कंट्रोल आणि ० ने पुन्हा साधा मजकूर. शैलीवर उजवी टिचकी मारून तिचे गुणधर्म बदलले, की त्या शैलीचे सारे परिच्छेद एकदम बदलतात. दोन परिच्छेदांमधील अंतर रिकाम्या ओळींनी न देता येथेच द्यावे. ओळींमधील अंतरासाठी 'प्रपोर्शनल' निवडून ते १२० ते १३० टक्के ठेवावे. 'फिक्स्ड' निवडल्यास वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या यांना जागा पुरत नाही व त्या कापल्या जातात. दोन स्तंभांची मांडणी असेल तर दोन्ही कडा जुळवू नयेत. प्रत्यय लागून मराठी शब्द लांब होतात, आणि 'महाविद्यालयांमधल्या' यासारखा एक शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत उरलेल्या चार शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात.

कवितांसाठी स्वतंत्र शैली करावी. तिचे नाव 'कविता' असे मराठीतच ठेवता येते. डावीकडून थोडा समास द्यावा, कडव्यातील ओळी शिफ्ट आणि एंटरने तोडाव्यात, आणि कडवे संपल्यावरच नुसता एंटर दाबावा, म्हणजे कडव्यांमधील अंतर शैलीतूनच येते. शैलीच्या 'ऑर्गनायझर' या भागात 'नेक्स्ट स्टाइल' म्हणून पुढची शैली ठरवता येते. शीर्षकानंतर एंटर दाबला की आपोआप साधा मजकूर सुरू व्हावा, ही सोय तेथेच आहे.

शैली लावल्याचे फळ एफ ५ दाबल्यावर दिसते. नॅव्हिगेटरमध्ये साऱ्या शीर्षकांची यादी येते. त्यातले एक शीर्षक उचलून दुसऱ्या जागी ठेवले, की त्याखालचा सगळा मजकूर सोबत हलतो. संपादकांनी छपाईच्या आदल्या दिवशी लेखांचा क्रम बदलायला सांगितला, तेव्हा मला हे काम पाच मिनिटांत करता आले होते. अनुक्रमणिका 'इन्सर्ट' मेनूतून घालावी आणि मजकूर बदलला की तिच्यावर उजवी टिचकी मारून अद्ययावत करावी. पृष्ठ क्रमांक हाताने लिहिण्याचे काम तेथे संपते.

दुसऱ्यांकडून आलेला मजकूर ही वेगळी अडचण आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आतून ती रोमन अक्षरेच असतात. त्याला शैली लावून उपयोग नाही. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मग ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण परिवर्तनात हमखास बिघडतात ती हीच ठिकाणे. युनिकोडमधला मजकूर दुसरीकडून आणताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबून चिकटवावा, म्हणजे मूळचे फॉन्ट आणि रंग येत नाहीत. आधीच चिकटलेल्या मजकुरावरील हाताने केलेली सजावट कंट्रोल आणि एम ने निघते.

मग स्वच्छता. फाइलची प्रत बाजूला ठेवून कंट्रोल आणि एच दाबावे. 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' ही खूण चालू करून शोधायच्या जागी ^$ लिहावे, बदलायची जागा रिकामी ठेवावी आणि सर्व बदलावे. रिकामे परिच्छेद निघून जातात. ती खूण काढून पूर्णविराम व स्वल्पविराम यांच्या आधीच्या मोकळ्या जागा अशाच शोधाव्यात. येथेच मराठीतील एक छुपी अडचण समोर येते. 'ॲ' हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधीपासून ते 'अ' ला अर्धचंद्र जोडून लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, शोधयंत्रणेला मात्र ती वेगळी वाटतात, म्हणून 'ॲड.' शोधल्यावर निम्म्या वकिलांची नावे सापडत नाहीत. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील रकाराचेही तसेच : कोणी तो 'ऱ' पासून घडवतो, कोणी साध्या 'र' ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. संपूर्ण मजकुरात एकच पद्धत ठेवावी. इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट आणि जे या कळांवर 'ऱ' मिळतो. दुसरा कळफलक असेल तर रायटरमध्ये इंग्रजी अंकांत ०९३१ लिहून ऑल्ट आणि एक्स दाबावे, त्या अंकांचा 'ऱ' होतो.

शुद्धलेखन तपासणीसाठी मराठीचा मुक्त शब्दकोश एक्स्टेन्शनच्या रूपात मिळतो. फेडोरा या लिनक्सच्या वितरणावर तो 'हनस्पेल-एमआर' या पॅकेजमधून येतो. त्याच्याकडून मर्यादित अपेक्षा ठेवाव्यात. मराठी शब्दाला विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागून इतकी रूपे होतात की, पुष्कळ शुद्ध शब्दांखालीही लाल रेघ येते. उजव्या टिचकीने आपले शब्द, गावांची व व्यक्तींची नावे आपल्या शब्दकोशात टाकत गेल्यास महिन्याभरात रेघा लक्षणीय कमी होतात आणि उरलेल्यांकडे खरोखर पाहावेसे वाटते. स्वतःच्या नेहमीच्या चुकांसाठी 'टूल्स' मधील 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' मध्ये जोड्या भराव्यात. त्या खिडकीत वर भाषा निवडण्याची जागा आहे. ती मराठी करूनच भराव्यात, नाहीतर त्या दुसऱ्याच भाषेच्या खात्यात जातात. संस्थेचे लांबलचक नाव, ठरावाची ठरलेली भाषा असे तुकडे कंट्रोल आणि एफ ३ ने साठवून लघुरूपानंतर एफ ३ दाबून आणता येतात.

हे सारे झाल्यावर फाइल रिकामी करून 'टेम्प्लेट' म्हणजे नमुना-फाइल म्हणून जतन करावी आणि तीच मूलभूत ठरवावी. पुढे प्रत्येक नवी फाइल याच बैठकीवर उघडेल.

जतन करताना मूळ प्रत ओडीटीतच असावी. ही ओपनडॉक्युमेंटची रचना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्ड वापरणाऱ्यांना त्याच्या डॉक्स (.docx) रूपातील वेगळी प्रत करून पाठवावी आणि त्या प्रतीत काम करत राहू नये, कारण दोन्ही रूपांत वारंवार ये-जा झाली की मांडणी हळूहळू विसकटते. 'फाइल' मधील 'प्रॉपर्टीज' येथे 'फॉन्ट' या भागात फॉन्ट दस्तऐवजात अंतर्भूत करण्याची सोय आहे. छापखान्याकडे पीडीएफ द्यावी; ती करताना 'हायब्रिड पीडीएफ' निवडली तर तिच्या पोटात ओडीटी फाइलही राहते आणि तीच पीडीएफ रायटरमध्ये उघडून दुरुस्त करता येते. 'लोड/सेव्ह' या विभागात दर वेळी मागची प्रत ठेवण्याची खूण अवश्य चालू करावी.

एखादी आज्ञा कोठे आहे हे आठवले नाही, तर शिफ्ट आणि एस्केप दाबून तिचे नाव टाकावे. २०२१ च्या ७.२ आवृत्तीपासून ही सोय आहे. रायटर विचित्र वागू लागला, तर पुन्हा स्थापित करण्याआधी 'हेल्प' मेनूतून 'सेफ मोड' मध्ये सुरू करून पाहावे, कारण दोष बहुधा आपल्या साठवलेल्या सेटिंगमध्ये असतो. आणि एखादे जोडाक्षर खरोखरच चुकीचे जुळत असेल, तर लिब्रेऑफिसच्या बगझिला या दोषनोंदणीच्या संकेतस्थळावर त्याची नोंद करावी. अख्खे हस्तलिखित जोडू नये. ते अक्षर असलेली एका ओळीची ओडीटी फाइल, ते कसे दिसते आणि कसे दिसायला हवे याची दोन चित्रे, फॉन्टचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि आपली प्रणाली एवढे द्यावे. देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रॅमरलाही या दोन चित्रांवरून फरक कळतो.