गॅराज आणि पोस्ट-पंकच्या नव्या रेकॉर्ड्स वेळेत कशा गाठायच्या

गॅराज म्हणजे कच्चं, गोंगाटी गिटार-रॉक आणि पोस्ट-पंक म्हणजे पंकमधून निघालेलं, बेस आणि ड्रमवर चालणारं टोकदार संगीत. यातल्या अंडरग्राउंड बँडचं आयुष्य साधारण ठरलेलं असतं. आधी कॅसेटवर चार गाण्यांचा डेमो (कच्चं पहिलं रेकॉर्डिंग), मग एखादं सात इंची सिंगल (छोटी रेकॉर्ड), जमलंच तर एक एलपी (पूर्ण लांबीची रेकॉर्ड), आणि तोवर गिटारवाला दुसऱ्या दोन बँडमध्ये गेलेला. जुलै २०१५ पासून मोठ्या कंपन्यांनी जगभर शुक्रवार हा प्रकाशनाचा वार ठरवला, पण इथे त्याला कुणी विचारत नाही. मंगळवारी रात्री एक चित्र टाकून रेकॉर्ड जाहीर होते, शंभरेक कॅसेट काढलेल्या असतात आणि त्या बघता बघता संपतात. नाव तुमच्या कानावर येईपर्यंत कधीकधी बँड मोडलेलाही असतो. म्हणून बँडच्या मागे धावायचं नाही. लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्या, धरायची आणि माणसं धरायची, कारण ती टिकतात.

खालची बरीचशी उदाहरणं मेलबर्न आणि शेजारच्या जिलाँगची आहेत. तिथे मोजकीच माणसं आलटूनपालटून एकमेकांच्या बँडमध्ये वाजवतात, त्यामुळे धागा कसा पकडायचा ते स्पष्ट दिसतं. लीड्स, मेम्फिस किंवा लाइपझिगसाठीही हीच रीत चालते.

एका रेकॉर्डपासून लेबलांपर्यंत

सुरुवात आवडलेल्या एका रेकॉर्डपासून करा. समजा, जिलाँगचा व्हिंटेज क्रॉप. त्यांच्या रेकॉर्ड्स ऑस्ट्रेलियात अँटी फेड काढतं आणि लंडनहून अपसेट द रिदम. म्हणजे एका रेकॉर्डमागे दोन लेबलं हाती आली. आता अपसेट द रिदमची यादी उघडा. तिथे मेलबर्नचा टेरी भेटेल. अँटी फेडच्या यादीत जिलाँग-मेलबर्नची अख्खी वस्ती भेटेल. दोन खंडांत दोन लेबलं वाटून रेकॉर्ड काढण्याची ही पद्धत सर्रास आहे. रेकॉर्ड परदेशी पाठवायचा टपालखर्च त्यातून वाचतो. आपल्याला फायदा असा की एका लेबलाची आवड दुसऱ्याकडे बोट दाखवते.

पहिल्या महिन्यात दहा-बारा लेबलांवर थांबा. गॅराजकडे ओढा असेल तर मेम्फिसचं गोनर (दुकानही तेच चालवतात) आणि १९९१ पासून चालू असलेलं लॉस एंजेलिसचं इन द रेड. टोकदार, तुटक पोस्ट-पंक हवं असेल तर सिनसिनाटीचं फील इट, लंडनचं स्टॅटिक शॉक आणि ला विदा एस उन मूस. थोडं सुरेल हवं असेल तर शिकागोचं ट्रबल इन माइंड. सिएटलचं आयर्न लंग मुख्यतः कर्कश हार्डकोर पंकसाठी ओळखलं जातं, पण मेलबर्नच्या टोटल कंट्रोलचा २०११ चा पहिला अल्बम त्यांनीच काढला होता. लेबलावरची पाटी आणि आतला माल कधीकधी वेगळा निघतो, तो असा. ज्या लेबलांची बातमी वर्तमानपत्रात येते ती या यादीत घालू नका, ती आपोआप पोचते.

बँडकॅम्प नीट लावणं

बँडकॅम्प म्हणजे बँड आणि लेबलं आपलं संगीत थेट विकतात ती साइट. तिथे श्रोत्याचं खातं फुकट असतं, काही विकत घ्यावं लागत नाही. लेबलाचं पान आणि बँडचं स्वतःचं पान, दोन्ही फॉलो करा. एलपी लेबलाच्या पानावर येते, पण त्याआधीचा डेमो, मधलं लाइव्ह रेकॉर्डिंग, मित्रासोबतचं स्प्लिट (दोन बँडची मिळून एक रेकॉर्ड) हे सगळं बँडच्या पानावर पडून असतं. एकच पान फॉलो केलं की अर्धा माल निसटतो, आणि तोही बहुधा चांगला अर्धा.

सूचना ईमेलने येतात आणि जीमेल त्या सरळ प्रमोशन्सच्या कप्प्यात ढकलतं. तिथे त्या साड्यांच्या सेलखाली गाडल्या जातात. फिल्टर लावून बँडकॅम्पच्या सगळ्या मेल एका वेगळ्या कप्प्यात टाका आणि तो आठवड्यातून एकदाच उघडा.

टॅगवर भरवसा कमी ठेवा. ‘पोस्ट-पंक’ टॅग उघडला तर ड्रम मशीन, खोल आवाज आणि काळ्या-पांढऱ्या इमारतीचं मुखपृष्ठ यांचा पूर येतो. ते डार्कवेव्ह असतं. वाईट नसतं, पण तुम्ही शोधत होतात ते नव्हे. ‘गॅराज’ टॅगमध्ये ब्रिटनचं यूके गॅराज हे नाचाचं संगीत मिसळतं. टॅग नेमका करायचे दोन उपाय आहेत. एक, बारीक टॅग घ्या: ‘गॅराज पंक’, ‘एग पंक’, ‘सिंथ पंक’. दुसरा, टॅगसोबत शहर लावा. ‘पंक’ आणि ‘जिलाँग’ एवढंच लावलं तरी यादी हाताळण्याजोगी होते. क्रम ‘सर्वाधिक विक्री’वर नको, ‘नवीन’वर ठेवा, नाहीतर तीच दहा मुखपृष्ठं महिनाभर दिसत राहतात.

खरी खाण मात्र अल्बमच्या पानावर खाली असते. रेकॉर्ड घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं तिथे दिसतात. ज्यांनी एखादी ओळ लिहून आवडतं गाणं सांगितलंय, अशांपैकी दोघातिघांचे संग्रह उघडा. तिथे प्रत्येक रेकॉर्डखाली ती आणखी किती जणांच्या संग्रहात आहे तो आकडा असतो. चार हजार दिसला तर पुढे चला. बारा किंवा तीस दिसला तर थांबा आणि ऐका. सलग तीन अनोळखी रेकॉर्ड्स आवडल्या तर त्या माणसालाच फॉलो करा. मग त्याची पुढची खरेदी तुमच्या फीडमध्ये येईल. मात्र ज्याच्या संग्रहात पाच-सहा हजार वस्तू आहेत त्याला फॉलो करू नका. तो सगळंच घेतो, त्याच्या निवडीतून काही कळत नाही.

मुखपृष्ठामागची माणसं

डिस्कॉग्जवर (लोकांनी मिळून भरलेली रेकॉर्ड्सची नोंदवही असलेली साइट) बँडचं पान उघडा, सदस्यांच्या नावांवर जा आणि प्रत्येकाचे इतर बँड बघा. टोटल कंट्रोलमधला अॅल माँटफर्ट घ्या. तोच यूव्ही रेसमध्ये, डिक डायव्हरमध्ये, लोअर प्लेंटीमध्ये, टेरीमध्ये आणि स्लीपर अँड स्नेकमध्ये वाजवत आला आहे. हे सगळे एका सुराचे नाहीत: डिक डायव्हर मोकळं गिटार-पॉप, लोअर प्लेंटी जवळजवळ घरातल्या खोलीत बसून गायल्यासारखं. पण एक माणूस धरला आणि मेलबर्नची दहा-पंधरा वर्षं उलगडली.

त्याहून उपयोगी नाव मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरचा शेवटचा तांत्रिक हात, करणाऱ्याचं. एडी करंट सप्रेशन रिंग आणि टोटल कंट्रोलमधला गिटारवादक मायकी यंग शेकडो रेकॉर्ड्सचं मास्टरिंग करतो, ऑस्ट्रेलियाबाहेरच्याही. डिस्कॉग्जवर त्याच्या पानावर ‘क्रेडिट्स’ निवडा, त्यात ‘टेक्निकल’, आणि क्रम सालाप्रमाणे उलटा लावा. ज्यांचं नावही ऐकलेलं नाही अशा बँडची ताजी यादी समोर येईल. दोन गोष्टी इथे फसवतात. पहिली, तो मऊ गिटार-पॉपचंही मास्टरिंग करतो, त्यामुळे नाव दिसलं की रेकॉर्ड तुमच्या कामाची असेलच असं नाही. दुसरी, डिस्कॉग्जवरची नोंद लोक हातात रेकॉर्ड आल्यावर करतात. व्हायनल रेकॉर्डच्या छपाईला महिनोन्महिने लागतात, म्हणून डिजिटल आवृत्ती आधी आणि डिस्कॉग्जची नोंद बरीच नंतर असं होतं. डिस्कॉग्ज नाती शोधायला वापरा, ताज्या बातमीला नको.

रेडिओच्या याद्या

अल्गोरिदमला जे जमत नाही ते न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयूला जमतं. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं हे स्टेशन प्रत्येक कार्यक्रमाची यादी ठेवतं, कलाकार, गाणं, अल्बम, लेबल यांसह, आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही. ते उलट्या बाजूने वापरा. तुमच्या आवडीच्या, फारसा कुणाला माहीत नसलेल्या बँडचं नाव त्यांच्या याद्यांच्या शोधात टाका. कोणत्या निवेदकाने ते वाजवलं ते कळेल. मग त्या निवेदकाच्या गेल्या चार याद्या वाचा, आधी फक्त ‘लेबल’चा रकाना. ओळखीचं लेबल आणि अनोळखी बँड अशी जोडी दिसली की ती टिपून ठेवा.

मेलबर्नसाठी थ्री ट्रिपल आर आणि पीबीएस, ब्रिस्बेनसाठी १९७५ पासून चालू असलेलं फोर ट्रिपल झेड. थेट ऐकायचं असेल तर मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच. तिथला रात्री नऊचा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी साडेचार किंवा साडेतीनला लागतो, म्हणजे बहुतेकांच्या कामाच्या वेळेत. त्यामुळे नंतर उपलब्ध होणारं रेकॉर्डिंगच बरं.

मॅक्सिमम रॉकनरोल हे पंकचं मासिक १९८२ ते २०१९ छापील निघत होतं. आता परीक्षणं ऑनलाइन असतात आणि साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम चालू आहे. त्यांची डेमोंची परीक्षणं मुद्दाम वाचा. लेबलानेही अजून हेरलेला नसतो असा बँड तिथे सापडतो. दर सप्टेंबरात मेम्फिसला होणाऱ्या गोनरफेस्ट या महोत्सवाची कलाकारांची यादी आली की सर्वांत खालची, बारीक अक्षरातली नावं आधी शोधा.

स्पॉटिफाय कुठे कमी पडतं

दर शुक्रवारची ‘रिलीज रडार’ ही नव्या गाण्यांची यादी असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. २०२४ पासून बारा महिन्यांत हजाराच्या खाली ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय पैसेच देत नाही, त्यामुळे डेमो तिथे टाकण्यात छोट्या बँडला फारसा रस नसतो. किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डसारख्या मोठ्या नावानेही २०२५ मध्ये आपलं संगीत तिथून काढून घेतलं.

दुसरी अडचण नावांची. एकाच नावाचे तीन बँड एका पानावर कोंबलेले असतात आणि नवं गाणं आलं म्हणून उघडावं तर भलत्याच देशातला रॅपर निघतो. ‘टेरी’ किंवा ‘पार्सनिप’ असं नुसतं शोधून काही हाती लागत नाही, सोबत लेबल किंवा शहर द्यावंच लागतं. जॉन ड्वायरच्या बँडने ओसीएस, दी ओ सीज, ओ सीज, ओसीज अशी स्पेलिंगं बदलत नेली. त्यांच्या बाबतीत प्रत्येक रूप वेगळं शोधा. आरएमएफसीच्या नावात इंग्रजीत प्रत्येक अक्षरामागे टिंब आहे, टी व्ही रिपेअरमनच्या शेवटी दोन ‘एन’ आहेत. शोध रिकामा आला तर आधी स्पेलिंग तपासा.

ऐकणं, ठेवणं, पैसे

आठवड्याला पाऊण तास पुरतो. मेलचा कप्पा, फॉलो केलेल्यांची खरेदी, एक रेडिओ यादी, या क्रमाने जा. गॅराजच्या गाण्याला दीड मिनिट द्या. तेवढ्यात पकडलं नाही तर पुढे. पोस्ट-पंकला एवढ्यात निकाल देऊ नका. तिथे बेस आणि ड्रम एकमेकांत बसायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवसांच्या अंतराने दोनदा ऐका. बँडकॅम्पवर तीच गाणी बऱ्याचदा ऐकली की ‘आता विकत घ्या’ अशी पाटी येते. तोवर तुमचं मत झालेलं असतंच.

साध्या तक्त्यात चार रकाने ठेवा: बँड, शहर, लेबल, कुठून कळलं. चौथा रकाना टाळू नका. तीन महिन्यांनी तो चाळलात की कोणता स्रोत खरंच काही देतो आणि कोणता नुसता गजबज करतो ते दिसतं. जो देत नाही तो काढून टाका.

पैसे कार्डाने किंवा पेपालने देता येतात. भारतीय कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या अॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार’ चालू आहेत का बघा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ते मुळात बंद असतात. ठरावीक महिन्यांत येणाऱ्या ‘बँडकॅम्प फ्रायडे’ला कंपनी आपला वाटा सोडते. एरवी तो डिजिटलवर १५ टक्के, वस्तूंवर १० टक्के असतो. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी साडेबारा, हिवाळ्यात दोन्ही एक तास पुढे. ‘हवी ती किंमत’ असलेल्या डेमोला शून्य टाकता येतं, पण बँडला महिन्याला अशी २०० फुकट डाउनलोडच मिळतात. ती संपली की शून्य चालत नाही. पुढच्या महिन्याची वाट बघा किंवा एक डॉलर द्या.

व्हायनल मागवायचं तर एकट्याने एक मागवू नका. ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेहून येणाऱ्या एका एलपीचा टपालखर्च तिच्या किमतीला गाठतो. तीन-चार जणांनी मिळून एकाच दुकानातून मागवा.

डिजिटल घेतलं तर त्याच दिवशी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) उतरवा. वीस मिनिटांच्या डेमोला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा लागते. बँड मोडला की पान पुसून टाकायची या मंडळींना फार हौस आहे. फोल्डरच्या नावात बँड, साल आणि लेबल घाला. एखादं लेबल आवडायला लागलं की त्याचा सगळा माल एका शोधात समोर येतो.