कर्ज फिटलं, हप्ता मात्र चालूच ठेवला

कर्जाचा शेवटचा हप्ता गेला की खात्यात अचानक पैसे शिल्लक दिसायला लागतात. खरी गोम इथेच असते, कारण ते कुठे जिरतात ते कळतही नाही. म्हणून आधी कर्ज फिटल्याचा लेखी दाखला घेतला, ऑटो डेबिट बंद झाल्याची खात्री केली. मग त्याच तारखेला तेवढीच रक्कम माझ्याच दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होईल अशी सोय केली. त्या खात्याचं कार्ड मुद्दामच घेतलं नाही.

पहिलं लक्ष्य ३ ते ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकण्याचं. खर्च म्हणतोय, पगार नाही. भाडं, किराणा, वीज, औषधं, फी एवढंच धरलं, तर आकडा बराच आवाक्यात येतो.

आमचं गणित बिघडायचं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. विमा, गाडीचं काम, सणासुदीची खरेदी. वहीत त्यांचं वेगळं पान केलं, बेरीज केली आणि १२ ने भागलं. १२,००० चा विमा म्हणजे महिन्याला १,००० बाजूला. आता तो महिना आला की कार्ड घासावं लागत नाही.

रोजचा पै-पैचा हिशेब मात्र लिहीत नाही. तो उत्साह कुणाचाच टिकत नाही. आठवड्याची रक्कम काढून ठेवतो, संपली की खरेदी पुढच्या सोमवारी. जुन्या हप्त्यातला दहावा भाग मौजेसाठी आहे, त्याचा हिशेब घरात कुणी कुणाला विचारत नाही.